वाजीस वाजीकरण

शर्यतीच्या घोड्याचें नांव काढतांच आमच्या पुष्कळ वाचकांच्या कपाळीं आठी चढेल, हें आम्ही जाणून आहों. पुण्याच्या पावसाळी व मुंबईच्या हिवाळी शर्यतींच्या पायीं कित्येक चांगल्या घरांतील भांडींकुंडीं बाजारांत गेलीं, आणि म्हणून 'रेस' हा शब्दच उंबरठ्याच्या आंत येऊं न देण्याची आपल्या घरांतून जुनी चाल आहे. तथापि जुगार मनुष्य खेळतो, घोडा खेळत नाहीं. त्या मुक्या जनावराच्या पोटांत काय घातलें जातें, त्याचा त्याच्या रक्तावर काय परिणाम होतो, आणि डबेबंद पौष्टिकांच्या मागें लागलेल्या आपल्या घरांनीं त्यापासून काय बोध घ्यावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकीं एका अंगास वाजीकरण म्हणतात. वाजी म्हणजे घोडा. बळाचा आदर्श म्हणून मनुष्यानें घोड्याकडे पाहिलें, आणि जें औषध वा जो आहार आपणांस घोड्याची शक्ति देईल त्यास हें नांव दिलें. आज मात्र गंगा उलटी वाहूं लागली आहे. ज्याच्या नांवावरून ही विद्या ओळखली जाते, त्या वाजीलाच वाजीकरणाच्या भुकट्या, तेलें आणि चाटणें चारलीं जात आहेत. 'याच्या सेवनानें घोड्याचें टेस्टोस्टेरॉन वाढतें, स्नायू भरतात, वेग येतो,' असा मजकूर डब्यावर छापलेला असतो. यांत तथ्य किती, हें पाहूं.

रक्तांतील जासूद

शरीरांतील कांहीं ग्रंथि अत्यल्प प्रमाणांत असे रस निर्माण करितात, कीं ते रक्ताच्या वाटेनें दूरच्या अवयवांपर्यंत जाऊन त्यांस आज्ञा पोंचवितात. १९०५ सालीं लंडन येथील शरीरशास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनीं या रसांस 'हॉर्मोन' हें नांव दिलें. मराठींत आपण त्यांस संप्रेरकें म्हणतों. पूर्वीच्या दरबारांत जासूद जें काम करीत, तेंच हीं संप्रेरकें करितात. टेस्टोस्टेरॉन हें पुरुषत्वाचें, कॉर्टिसॉल हें ताणाचें, इन्सुलिन हें साखरेचें, एरिथ्रोपोएटिन हें तांबडे रक्तकण वाढविण्याचें. याशिवाय गळ्यांतील थायरॉईड ग्रंथि व तिच्या शेजारच्या पॅराथायरॉईड ग्रंथि आपापले जासूद पाठवीत असतात तें वेगळेंच.

या व्यवस्थेंत एक मोठी मौज आहे. प्रत्येक संप्रेरकाचा जमाखर्च शरीर स्वतः ठेवतें. रक्तांत टेस्टोस्टेरॉन पुरेसें झालें कीं मेंदूच्या तळाशीं असलेली ग्रंथि वृषणांस 'आतां पुरे' असा निरोप धाडते. बाहेरून तें टोंचून घातलें, तर शरीर आपला कारखाना बंद करितें आणि वृषणें आकसूं लागतात. तेव्हां 'अधिक संप्रेरक म्हणजे अधिक बळ' हा हिशेब दिसतो तितका सरळ नाहीं.

शिवाय पुरुषी संप्रेरकावरच वेग अवलंबून असता, तर शर्यतीचा इतिहास निराळा लिहिला गेला असता. १९४३ सालीं महालक्ष्मीच्या मैदानावर पहिली इंडियन डर्बी झाली, ती 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' या तरुण घोडीनें जिंकली. ऑस्ट्रेलियांतील 'ब्लॅक कॅव्हियर' ही घोडी २००९ पासून २०१३ पर्यंत पंचवीस वेळां धांवली व पंचवीसही वेळां पहिली आली. १९३० सालीं मेलबर्न कप जिंकणारा 'फार लॅप' तर खच्ची केलेला घोडा होता. याहून नवल म्हणजे, खच्ची न केलेल्या नर घोड्याच्या मूत्रांत स्त्रीत्वाचें संप्रेरक विपुल असतें, असें झोंडेक या शास्त्रज्ञानें १९३४ सालीं दाखवून दिलें. सारांश, वेग हा एका रसाचा पराक्रम नव्हे.

कोंड्यांतील जादू

आतां डब्यांतील पदार्थांकडे वळूं. त्यांत पुष्कळ गाजलेला एक पदार्थ आपल्या कोंकणांतल्या घरोघरीं ठाऊक असलेल्या वस्तूंतून निघतो. तो म्हणजे भाताचा कोंडा. या कोंड्याच्या तेलांतून 'गॅमा ओरिझॅनॉल' नांवाचें द्रव्य १९५४ सालीं जपानांत प्रथम वेगळें करण्यांत आलें. वनस्पतींतील स्टेरॉल नांवाचे स्निग्ध पदार्थ आणि फेरुलिक आम्ल यांच्या संयोगानें तें बनलेलें असतें. टेस्टोस्टेरॉन हेंही स्टेरॉलाच्याच कुळांतील असल्यामुळें, ओरिझॅनॉल पोटांत गेलें कीं त्याचें टेस्टोस्टेरॉन बनतें, अशी समजूत पसरली आणि घोड्यांसाठीं व व्यायामपटूंसाठीं त्याच्या बाटल्या विकल्या जाऊं लागल्या.

ही समजूत नात्यागोत्याच्या साम्यावर आधारलेली आहे. एका आडनांवाचे म्हणून सारे सख्खे भाऊ ठरत नाहींत. वनस्पतींच्या स्टेरॉलाचें टेस्टोस्टेरॉन करण्याची युक्ति घोड्याच्या शरीरास अवगत नाहीं, आणि मनुष्याच्याही नाहीं. त्यांतून हे स्टेरॉल आंतड्यांतून फारच थोडे शोषले जातात. बहुतेक भाग आला तसा बाहेर पडतो. अमेरिकेंत वजनें उचलणाऱ्या तरुणांस नऊ आठवडे रोज पांचशें मिलिग्रॅम ओरिझॅनॉल देऊन पाहिलें. १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगाच्या वृत्तांतांत, तें घेणारे व न घेणारे यांच्या बळांत किंवा संप्रेरकांत फरक आढळला नाहीं. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

भाताच्या कोंड्याचें तेल निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. तेलांत धान्याच्या दुपटीहून अधिक उष्मा असतो, आणि घोड्यास तें पचतें; म्हणून भरडा कमी करून थोडें तेल दिल्यानें अंगावर मांस धरतें व कातडीस तकाकी येते. मात्र हा गुण साध्या स्निग्धतेचा आहे. तो संप्रेरकाच्या नांवावर जमा करून चौपट दामानें विकणें, एवढाच काय तो व्यापाऱ्याचा चमत्कार.

अन्नाच्या वेषांतील औषध

दुसरा प्रकार याहून गंभीर आहे. कोबाल्ट नांवाचा एक धातु ब१२ या जीवनसत्त्वाच्या घडणींत लागतो. घोड्याच्या मोठ्या आंतड्यांतील सूक्ष्म जंतू चाऱ्यांतील कोबाल्ट घेऊन हें जीवनसत्त्व तयार करितात. पांचशें किलो वजनाच्या घोड्यास दिवसाला सुमारें अर्धा मिलिग्रॅम कोबाल्ट पुरतो, आणि तेवढा त्यास चाऱ्यांतूनच मिळतो. परंतु मोठ्या मात्रेंत हाच धातु पेशींस फसवितो. प्राणवायु कमी पडला आहे असा भास तो उत्पन्न करितो, आणि त्यायोगें एरिथ्रोपोएटिन सुटून रक्तकण वाढावे, ही देणाराची आशा असते. रक्तकण वाढले तर स्नायूंस प्राणवायु अधिक मिळेल व घोडा दमणार नाहीं, असा हा तर्क.

यांत दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली ही, कीं घोड्यास निसर्गानेंच रक्तकणांची कोठी दिली आहे. विश्रांतींत त्याच्या रक्ताचा सुमारें शेंकडा चाळीस भाग रक्तकणांचा असतो. धांव सुरू होतांच प्लीहा आकुंचन पावून आपला सांठा रक्तांत ओतते आणि हें प्रमाण साठाच्या पुढें जातें. त्याहून रक्त दाट करणें म्हणजे भरल्या घड्यांत पाणी ओतणें होय. दुसरी गोष्ट ही, कीं घोड्यांवर केलेल्या प्रयोगांत कोबाल्ट टोंचूनही रक्तकण वाढल्याचें दिसलें नाहीं. मात्र मोठ्या मात्रेनें अंगास कांप सुटणें, अस्वस्थपणें पाय आपटणें, हृदयाचे ठोके वाढणें हीं लक्षणें दिसलीं. मनुष्याच्या बाबतींत तर हा अनुभव जुना आहे. १९६५-६६ सालीं कॅनडांतील क्वेबेक येथें बिअरचा फेंस टिकावा म्हणून तींत कोबाल्ट घालीत, आणि ती अतोनात पिणाऱ्या कित्येकांचीं हृदयें बिघडून ते प्राणास मुकले.

ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतानें २०१४ सालीं शर्यतीच्या घोड्याच्या मूत्रांतील कोबाल्टास मर्यादा घातली. आज आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें मूत्राच्या एका मिलिलिटरांत ०.१ मायक्रोग्रॅमहून अधिक कोबाल्ट असतां कामा नये. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमाचा दहा लक्षावा भाग. पुढें मेलबर्नच्या एका नामांकित प्रशिक्षकाची चौकशी झाली, तींत खुरांच्या मजबुतीसाठीं चंदींत मिसळावयाची भुकटी नोकराच्या हातून प्रमाणाबाहेर पडत गेली, असें कारण पुढें आलें. तरीही २०१६ सालीं त्या प्रशिक्षकास निलंबनाची शिक्षा झालीच. भुकटी मोजणारा हात कोणाचा कां असेना, घोडा ज्याच्या हवालीं, जबाबदारी त्याची.

ज्यांनीं वेषांतराचीही तसदी घेतली नाहीं, असेही पुष्कळ झाले. टेस्टोस्टेरॉनच्या धर्तीवर प्रयोगशाळेंत बनविलेलीं स्नायुवर्धक द्रव्यें अमेरिकेंत एके काळीं उघडपणें दिलीं जात. २००८ सालीं केंटकी डर्बी जिंकणाऱ्या 'बिग ब्राउन' या घोड्यास असें औषध नियमितपणें टोंचलें जातें, हें त्याच्या प्रशिक्षकानें स्वतःच सांगितलें. तेव्हां तें त्या राज्यांत निषिद्ध नव्हतें. त्या सालानंतर तेथील राज्यांनीं नियम कडक केले. २०१३ सालीं इंग्लंडांत न्यूमार्केट येथें 'गोडॉल्फिन' या विख्यात तबेल्याच्या अकरा घोड्यांच्या नमुन्यांत अशीं द्रव्यें सांपडलीं आणि त्यांच्या प्रशिक्षकास आठ वर्षांची बंदी झाली.

जें द्रव्य घोड्याच्या शरीरांत जात्याच असतें, तें बाहेरून घातलें कीं काय हें ओळखावें कसें, ही परीक्षकांपुढील अडचण मोठी मार्मिक आहे. त्यावर उपाय मर्यादेचा. खच्ची घोड्याच्या मूत्रांत टेस्टोस्टेरॉन मिलिलिटरास ०.०२ मायक्रोग्रॅम, व गाभण नसलेल्या घोडीच्या मूत्रांत ०.०५५ मायक्रोग्रॅम, याहून अधिक आढळल्यास खुलासा द्यावा लागतो. खच्ची न केलेल्या घोड्यास मात्र अशी मर्यादा घालतां येत नाहीं, कारण त्याचा कारखाना चालूच असतो. कांहीं मर्यादा तर केवळ चाऱ्यामुळेंच ठेवाव्या लागल्या आहेत. लसूणघास खाणाऱ्या घोड्याच्या मूत्रांत ॲस्पिरिनच्या कुळांतील सॅलिसिलिक आम्ल आपोआप उतरतें. म्हणून त्यासही शून्याऐवजीं विशिष्ट प्रमाणाची मुभा आहे. याप्रमाणें अन्न आणि औषध यांच्या सीमेवरचें कुंपण मात्रेचें आहे.

रोजच्या चंदीचा परिणाम

डब्यांतील भुकटीनें संप्रेरकें हवीं तशीं वाढत नाहींत, हें आतांपर्यंत पाहिलें. परंतु रोजच्या साध्या चंदीनें तीं नको तशीं बिघडतात, हें अधिक विचारांत घेण्याजोगें आहे.

गव्हाचा कोंडा घोड्यास हलका व सारक म्हणून देतात. त्यांत फॉस्फरस चुन्याच्या सुमारें दहापट असतो. घोड्याच्या आहारांत चुना निदान फॉस्फरसाइतका, आणि शक्यतों त्याहून अधिक हवा. केवळ कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याच्या रक्तांतील चुना उतरूं लागला कीं पॅराथायरॉईड ग्रंथि जाग्या होतात आणि त्यांचें संप्रेरक हाडांतून चुना काढून रक्तांत भरूं लागतें. हाडें पोकळ होतात, त्यांच्या जागीं तंतुमय मांस वाढतें, आणि जबड्याचीं व नाकाचीं हाडें सुजून घोड्याचें डोकें मोठें दिसूं लागतें. युरोपांत पिठाच्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांस हा रोग फार होई, कारण त्यांच्या दारीं कोंडा फुकट असे. म्हणून त्यास गिरणीवाल्यांचा रोग असेंच नांव पडलें. पुष्ट म्हणून मालक कौतुकानें ज्या डोक्याकडे पाहतो, तें आंतून खचलेलें असतें.

समुद्रांतील शेवाळाची भुकटी हें दुसरें उदाहरण. तींत आयोडीन भरपूर असतें. घोड्यास दिवसाला तीन-चार मिलिग्रॅम आयोडीन पुरे. गाभण घोड्यांस ही भुकटी सढळ हातानें चारल्यामुळें त्यांचीं शिंगरें गलगंड घेऊनच जन्मलीं, असें अमेरिकेंतील पशुवैद्यांनीं १९६८ सालीं नमूद केलें आहे. आयोडीन कमी झाल्यानें गलगंड होतो, हें शाळेंतील मुलेंही सांगतील. अधिक झाल्यानेंही तोच होतो, हें डब्यावर कोणी छापीत नाहीं.

तिसरें उदाहरण धान्याचें. घोड्याचें पोट लहान; तो दिवसभर थोडें थोडें गवत खाणारा प्राणी. त्यास दोन वेळां तोबरा भरून भरडा घातला, कीं रक्तांत साखर व तिच्यामागोमाग इन्सुलिन चढतें. २००७ सालीं ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँड येथें निरोगी तट्टांच्या रक्तांत इन्सुलिन तीन दिवसांपर्यंत चढतें ठेवून पाहिलें, तों साऱ्यांच्या खुरांस आंतून दाह झाला. २०१० सालीं गाडीच्या शर्यतींतील जातीच्या घोड्यांवरही तोच अनुभव आला. प्रयोगांतील इन्सुलिन टोंचलेलें होतें. चंदीनें तें तितकें चढेलच असें नाहीं. पण स्थूल व बसून असणाऱ्या घोड्यांस जड चंदी कां बाधते, याचा उलगडा त्यावरून होतो. ज्या खुरांवर घोड्याचें सर्वस्व उभें, ते खूर अति चंदीनें जातात.

पौष्टिकाची किंमत

या सर्व प्रकारांत कधीं कधीं प्राणाचीच किंमत मोजावी लागते. वर सांगितलेला 'फार लॅप' १९३२ सालीं कॅलिफोर्नियांत अचानक मेला. त्याच्या केसांची अलीकडे अत्यंत सूक्ष्म उपकरणांनीं तपासणी केली, तेव्हां मृत्यूपूर्वीं तीस-चाळीस तासांच्या सुमारास मोठ्या मात्रेंत सोमल त्याच्या शरीरांत गेल्याचें शास्त्रज्ञांस आढळलें. तो कोणी व कोणत्या हेतूनें दिला, याचा वाद मिटलेला नाहीं. मात्र त्याच्या प्रशिक्षकाची पौष्टिकांच्या कृतींची वही मेलबर्नच्या संग्रहालयानें विकत घेऊन ठेविली आहे, आणि तींत सोमल व कुचल्याचें सत्त्व यांचा समावेश आहे. त्या काळीं हीं विषें थोड्या मात्रेंत 'टॉनिक' म्हणून घोड्यांस सर्रास देत.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देतां येणार नाहीं. एप्रिल २००९ मध्यें अमेरिकेंतील फ्लोरिडा राज्यांत वेलिंग्टन येथें पोलोच्या मोठ्या सामन्यापूर्वीं व्हेनेझुएलाच्या एका संघाच्या घोड्यांस जीवनसत्त्वें व क्षार यांचें एक मिश्रण टोंचण्यांत आलें. थकवा जावा एवढाच हेतु. मिश्रण तयार करणाऱ्या औषधशाळेंत सेलेनियमचें प्रमाण चुकलें होतें. सेलेनियम हें पोषकच आहे. घोड्यास दिवसाला सुमारें एक मिलिग्रॅम लागतें. परंतु त्या दिवशीं एकवीस घोडे मेले. ज्यांस तें टोंचलें नव्हतें ते वांचले. हीं जनावरें आजारी नव्हतीं, आणि त्यांस कोणी शत्रूनें मारलें नाहीं. पौष्टिक म्हणून दिलेल्या वस्तूनेंच त्यांचा घात केला.

जुनें माप

आपल्याकडे घोड्यांच्या वैद्यास सालोत्री म्हणत. हा शब्द अश्ववैद्यकाचे आद्य आचार्य शालिहोत्र यांच्या नांवावरून आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाच्या प्रकरणीं उत्तम घोड्याचा रोजचा शिधा दिलेला आहे. दोन द्रोण धान्य, एक प्रस्थ स्नेह, पांच पल मीठ, पिंड भिजविण्यास मांसरस किंवा दही, शिवाय पेय म्हणून मद्य किंवा त्याच्या दुप्पट दूध. मध्यम व कनिष्ठ घोड्यांस त्याहून पाव पाव हिस्सा कमी. आजच्या पशुवैद्यास त्यांतील सर्वच पसंत पडणार नाहीं. पण प्रत्येक पदार्थास माप आहे व तें माप घोड्याप्रमाणें बदलतें, हा त्यांतील मुद्दा आजही तंतोतंत खरा आहे.

आधुनिक शास्त्र तरी दुसरें काय सांगतें? घोड्यास चांगलें गवत व भरपूर पाणी द्यावें. उन्हांत धांवणाऱ्या घोड्याच्या अंगांतून तासाला दहा लिटरांहूनही अधिक घाम जाऊं शकतो, आणि तो आपल्या घामाहून खारट असतो. म्हणून त्यास मीठ अवश्य द्यावें. हिरवें गवत मिळत नसेल तर ई जीवनसत्त्व द्यावें. क जीवनसत्त्व तो आपल्या यकृतांत स्वतःच बनवितो, आणि ब वर्गांतील बहुतेक जीवनसत्त्वें त्याच्या आंतड्यांतील जंतू बनवितात. त्यांवर पैसे घालविण्याचें सहसा कारण नाहीं. राहिलें ताणाचें संप्रेरक कॉर्टिसॉल. तें घोड्यांत सकाळीं चढतें व सायंकाळीं उतरतें. घोड्यास ओळखीच्या जागेंतून उठवून परक्या ठिकाणीं नेलें कीं ही लय मोडते, असें न्यूझीलंडांतील अभ्यासकांनीं १९९४ सालीं दाखविलें. ती लय परत येण्यास ओळखीचा मोतद्दार, वेळेवरची चंदी, नित्याचा खरारा आणि शेजारच्या ठाणावर सोबतीचा घोडा, इतक्या साध्या गोष्टींचा आधार पुष्कळ होतो, असें जाणते मोतद्दार सांगतात.

घोड्यांचा हा अध्याय आम्हीं कां उघडला, हें चतुर वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. ओरिझॅनॉलचे डबे तबेल्यांतच राहिले नाहींत. तालमींत जाणाऱ्या मुलांच्या कपाटांतही ते आले आहेत. परीक्षेच्या मुलास एक भुकटी, सुनेच्या केसांसाठीं दुसरी, आजोबांच्या गुडघ्यांसाठीं तिसरी, अशीं एकाच घरांत चार माणसांचीं चार पौष्टिकें चालू असतात, आणि त्या चारही डब्यांत मिळून एखादें द्रव्य कितीपट झालें हें कोणी मोजीत नाहीं. घोड्याचें रक्त निदान शर्यतीनंतर तपासलें जातें. आपल्या घरांतील मुलांचें कोण तपासतो? वैद्यानें तपासून उणीव दाखविली, तर औषध अवश्य घ्यावें, व त्यानें सांगितलेल्या मात्रेंतच घ्यावें. उणीव नसतां भर घालणें यास पोषण म्हणत नाहींत.

घोडा कां अडला, हा आजीच्या तोंडचा उखाणा आपल्या मुलांनीं ऐकलेला असतो, आणि 'न फिरविल्यामुळें' हें त्याचें उत्तरही त्यांस पाठ असतें. पुढल्या वेळीं घरांत नवा डबा येईल तेव्हां त्यावरील अक्षरें वाचण्यापूर्वीं मुलास तो उखाणा घालावा. त्यास उत्तर येत असेल तर डबा दुकानींच परत करण्यास हरकत नाहीं.